माईंपासून लपवलेली पौर्णिमा

जर्मन माणसाला बेट विकणं सोपं. त्याला एवढंच सांगायचं की तिथे ऊन आहे. तो लगेच सही करतो. मराठी माणूस मात्र विचारतो, "ऊन? ऊन आमच्याकडे जळगावात मुबलक आहे. बघायला काय काय आहे ते सांगा. आणि जेवायला?"

डार्मश्टाटच्या एका लहानशा राइझेब्युरोमध्ये, म्हणजे प्रवासाची तिकिटं नि सहली विकणाऱ्या दुकानात, मी वीसेक वर्षं काढली. त्यातली पहिली बरीचशी वर्षं जर्मनांना ऊन विकण्यात गेली. दोन हजारच्या सुमाराला इकडे मराठी इंजिनियर पोरं भराभर येऊ लागली. कुणी बॉबलिंगेनला गाड्यांच्या कंपनीत, कुणी आमच्या डार्मश्टाटला विद्यापीठात. पोरं आली, त्यांची लग्नं झाली, आणि उन्हाळा आला की मागोमाग त्यांचे आईबाबा येऊ लागले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या मालकीणबाईंना, फ्राउ क्रेमरना, मी म्हटलं की आपलं खरं गिऱ्हाईक ही आईबाबा मंडळी आहेत.

परक्यांसाठी जरा समजावून सांगते. आईबाबांचा व्हिसा तीन महिन्यांचा. पहिल्या महिन्यात स्वित्झर्लंडचा बर्फ आणि पॅरिसचा मनोरा उरकतो. दुसऱ्या महिन्यात नातवंडं, देऊळ आणि ओळखीच्यांकडे जेवणं. तिसरा महिना बाल्कनीचा. मुलगा आणि सून कामावर, नातू मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देऊन मोकळा, आणि रविवारी तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. मग बाबा सुनेच्या कुंड्या मोजतात आणि आई विचारते, "इथं माणसं राहतात ना गं?" त्याच सुमाराला मला फोन येतो, "विद्याताई, यांना कुठेतरी न्या. कुठेही न्या."

मी त्यांना टेनेरिफला न्यायची. हे बेट आफ्रिकेच्या बाजूला, पण मालकी स्पेनची, त्यामुळे व्हिसा तोच चालतो. फ्रँकफुर्टहून सरळ विमान. उत्तर किनाऱ्यावर पुएर्तो दे ला क्रूझ नावाचं गाव आहे, तिथे आमचा मुक्काम. गाव उतारावर वसलेलं, खाली काळ्या वाळूचा किनारा, भिंतीवर धडका मारणारा समुद्र, लाकडी सज्ज्यांची जुनी घरं, आजूबाजूला केळीच्या बागा आणि वर, ढगांच्याही वर, तैदे नावाचा ज्वालामुखी. हॉटेलं निम्मी जर्मनांनी भरलेली, त्यामुळे वेटरपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांना जर्मन येतं. माझं स्पॅनिश 'धन्यवाद' आणि 'मांस नको' एवढ्यावर शेवटपर्यंत निभावलं.

सहल चालवणं म्हणजे प्रेक्षणीय स्थळं दाखवणं, असा लोकांचा समज असतो. छे हो. सहल चालवणं म्हणजे आधी संडास दाखवणं आणि मग स्थळं. बसमधल्या पहिल्या सीटवरून दोन व्याही कायमचे अबोल होऊ शकतात, तेव्हा तिथे आपली स्वतःची पिशवी ठेवायची. 'पाच मिनिटांवर आहे' असं कधीही म्हणायचं नाही. आणि एखादी गोष्ट लोकांना दाखवायची नसेल, म्हणजे उजवीकडे पिशव्यांचं मोठं दुकान असेल, तर नेमकं तेव्हाच डावीकडे बोट करून मोठ्यांदा म्हणायचं, "तो बघा समुद्र!" सगळ्या माना डावीकडे वळतात आणि आपला तासभर वाचतो. या एका युक्तीवर मी निम्मं करिअर केलं, असं म्हटलं तरी चालेल.

मराठी माणसाला ज्वालामुखी दाखवण्यात एक मूलभूत अडचण आहे. तो स्वतःच ज्वालामुखीच्या दगडावर जन्मलेला असतो. तैदेच्या पायथ्याचं ते लाल-काळं, चंद्रावरचं वाटावं असं पठार मी मोठ्या कौतुकाने दाखवावं, तर एक काका वाकून दगड निरखून म्हणणार, "हा तर आमच्या पाट्या-वरवंट्याचा दगड. याच्यासाठी साडेचार तास विमानात बसवलंत?" साताऱ्याचे एक निवृत्त ओव्हरसियर तर दिवसभर डोंगराकडे डोळे लावून बसले होते. संध्याकाळी हिरमुसून मला म्हणाले, "आज काही फुटला नाही बुवा." जसा काही मी तो शो रद्द केला होता. त्यांच्या चिरंजीवांनी घरी गेल्यावर आमच्या ब्युरोला अस्सल जर्मन पद्धतीची तक्रार पाठवली की माहितीपत्रकावरच्या चित्रात लाव्हा होता, प्रत्यक्षात नव्हता. फ्राउ क्रेमरनी ती तक्रार फ्रेम करून लावायची तेवढी बाकी ठेवली होती.

पण मला सांगायचं आहे ते माईंबद्दल.

ज्या उन्हाळ्यात जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक होता, त्या वर्षीची गोष्ट. सगळं जग जर्मनीत येत होतं, म्हणून मी माझी मंडळी बाहेर काढायचं ठरवलं. सहल जाहीर केल्यावर बाड हॉम्बुर्गहून मुग्धाचा फोन आला. मुग्धा तिथल्या औषधांच्या कंपनीत, नवरा श्टेफान जर्मन, गुणी माणूस. तिची आई नलिनीबाई, सगळ्यांच्या माई, नाशिकहून आल्या होत्या. वडील, वसंतराव, आदल्या वर्षी गेले होते. माई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होत्या. ट्रंक कॉलच्या जमान्यात साहेबांनाही 'लाइनवर थांबा' म्हणून दरडावणारी बाई. आणि आता, मुग्धा म्हणाली, ती दिवसभर खिडकीशी बसते, वाढलं तेवढं खाते, आणि काहीही विचारलं की म्हणते, "माझं काय, माझं आता झालं."

"ताई, मला त्या वाक्याची भीती वाटते," मुग्धा म्हणाली. "ती नुसती दिवस ढकलत्येय. पुढच्या महिन्यात नाशिकच्या रिकाम्या घरात एकटी जाणार. आणि त्याच्या आधी ही वटपौर्णिमा येत्येय."

वटपौर्णिमा नेमकी आमच्या सहलीच्या मधोमध पडत होती. माई वसंतरावांसाठी दरवर्षी वडाला सूत गुंडाळायच्या, आणि वसंतराव दरवर्षी पाठीमागे उभे राहून, सात जन्म जरा जास्त होत नाहीत का, म्हणून चेष्टा करायचे. गेल्या वर्षी ते गेले ते त्या दिवसाच्या थोडंसंच आधी. मुग्धा रजा काढून आईबरोबर येणार होतीच. तिचं म्हणणं एवढंच होतं की या वर्षी तो दिवस आईला कळताच कामा नये. तिला त्या दिवशी इतकं फिरवा की तिथी-वार विसरली पाहिजे. बेटावर वड थोडाच असणार?

आता गंमत अशी, की बेटावर वड होता. म्हणजे वड नाही, वडाचा चुलतभाऊ. पुएर्तोमध्ये एक जुनी वनस्पती-बाग आहे. तिच्यात दूर कुठूनसं आणून लावलेलं एक प्रचंड झाड आहे, पारंब्या जमिनीत रुतून खांबांसारख्या झालेलं. आमच्या प्रत्येक सहलीत ते असायचंच. आपली बायकामंडळी त्याच्यासमोर उभी राहिली की हात आपोआप जोडले जायचे. मी ती बाग कार्यक्रमातून गुपचूप काढून टाकली आणि त्या दिवशी काळा किनारा नि जवळच्या गाराचिको गावची लाव्ह्यातली कुंडं ठेवली. बसने बागेवरून जाताना काय करायचं हे मला ठाऊक होतंच.

राहता राहिल्या बाकीच्या बायका. फ्रँकफुर्टच्या विमानतळावर माई हात धुवायला गेल्या तेव्हा मी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की या सहलीत वटपौर्णिमा हा शब्द निघणार नाही. सगळ्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बॉबलिंगेनच्या शोभाताई या मंडळींच्या पुढारी, सणवारांचं चालतंबोलतं खातं. त्या म्हणाल्या की अजिबात निघणार नाही. बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मला वाटलं, चला, एक काम फत्ते.

बायका शब्दाला जागल्या. शब्द निघाला नाही. पण उपास सोडायचा असं कुणी कुठे कबूल केलं होतं?

त्या सकाळी मी नाश्त्याला खाली आले तर आमचं लांब टेबल भरलेलं. एका टोकाला नवरेमंडळी. ताटात अंडी, पाव, चीज, आणि तोंडात आदल्या दिवशीची मॅच. दुसऱ्या टोकाला आमच्या सगळ्या बायका, पुढ्यात रिकाम्या बश्या. मधे माई, एकट्या, पपई खात होत्या. शोभाताईंना मी डोळ्यांनीच विचारलं तर त्यांनी पोटावर हात ठेवला, "जरा पोट ठीक नाही." शेजारच्या मीनाताईंनीही पोटावर हात ठेवला. त्यांच्या पलीकडची, तिच्या पलीकडची, सगळ्यांनी. प्रत्येकीला वाटलं होतं की ही युक्ती फक्त आपल्यालाच सुचली आहे. फळं खाल्ली असती तरी चाललं असतं, पण सगळ्यांच्या पुढ्यात एकदम केळी दिसली तर माई ओळखतील म्हणून फळांनाही हात नाही. आदल्या दिवशी केळीच्या बागेतून घेतलेली केळी खोल्यांमध्ये दडवून ठेवलेली होती, हे मला नंतर कळलं.

मुग्धा माझ्याकडे बघत होती आणि मी छताकडे.

जर्मन हॉटेलात एका बाईने पोटावर हात ठेवला तर वेटर कॅमोमाइलचा चहा आणून देतो. सगळ्यांनी ठेवला तर मॅनेजरला बोलावतो. मॅनेजर हेर फोग्ट स्टुटगार्टकडचे, शर्टाला सुरकुती म्हणून नाही. त्यांनी टेबलावर नजर टाकली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. उन्हाळा, समुद्रकाठ, भरलेलं हॉटेल आणि एका रात्रीत एवढ्या जणींची पोटं बिघडलेली. मी त्यांना बाजूला घेऊन घाईघाईने सांगितलं की या आजारी नाहीत, हा धार्मिक उपास आहे, नवऱ्यांसाठी. ते म्हणाले, "आल्झो, असं बघा, फ्राउ विद्या, त्यांनी स्वतः माझ्या वेटरला पोट दाखवलं. आणि उपास असता तर त्या तुमच्या टेबलावरच्या बाई का खात आहेत?" या प्रश्नाचं उत्तर मला जर्मनमध्येच काय, कुठल्याच भाषेत द्यायचं नव्हतं. त्यांना वाटलं, हॉटेलवर बालंट येऊ नये म्हणून ही बाई सारवासारव करत्येय. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर जवळच राहत होते. बरीच वर्षं बेटावर काढलेले, पायात सँडल घातलेले एक म्हातारे जर्मन गृहस्थ. त्यांच्या मागोमाग आचारीही बाहेर आला. संशय त्याच्या हिरव्या चटणीवर होता. तिकडे मिठाच्या पाण्यात सुरकुत्या पडेपर्यंत उकडलेले बटाटे देतात आणि वर कोथिंबिरीची हिरवी चटणी. आमची मंडळी त्या चटणीवर तुटून पडायची. आदल्या संध्याकाळी वाडगे रिकामे करून परत मागवले होते. बिचाऱ्याला आता रडू यायचं बाकी होतं. डॉक्टरांनी एकेकीला जीभ दाखवायला सांगितली. आणि आमच्या बायका, ज्यांनी जन्मभर सासूसमोर हूं की चूं केलं नव्हतं, त्या धडाधड जिभा दाखवू लागल्या. आता माघार घेतली तर खोटं उघडं पडलं असतं ना. शोभाताईंच्या यजमानांनी एवढ्या वेळाने अंड्यावरून मान वर करून विचारलं की काय झालं गं, आणि त्यांना बायकोने जे डोळे दाखवले ते डॉक्टरांनीही बहुधा लक्षणांमध्ये धरले असावेत.

हेर फोग्ट आणि डॉक्टर आपसात बोलले. मी ऐकत होते. नमुने घ्यावे लागतील, आरोग्य खात्याला कळवावं लागेल, तोवर या गटाने हॉटेलबाहेर जाऊ नये. आणि मग डॉक्टर माईंकडे वळले. त्यांचा तर्क बिनचूक होता. या टेबलावरची एकच बाई बरी आहे, तर या एकाच बाईने काय खाल्लं नाही ते शोधलं पाहिजे. ते मला म्हणाले, "यांना विचारा, बाकीच्यांमध्ये आणि यांच्यात फरक काय आहे."

 मुग्धाने माझा हात गच्च धरला. बायकांनी माना खाली घातल्या. मी काहीतरी खोटंच भाषांतर करणार होते, चटणीबद्दल विचारतायत वगैरे. तोंड उघडलंही होतं. पण माईंनी सुरी-काटा बाजूला ठेवला, रुमालाने ओठ टिपले, आणि एक्स्चेंजमधल्या त्या स्वच्छ, खणखणीत इंग्रजीत डॉक्टरांना म्हणाल्या,

"डॉक्टर, यांच्या पोटाला काही झालेलं नाही. यांना नवरे आहेत. मला नाही. फरक एवढाच आहे."

 मग माईंनीच शांतपणे सगळं समजावून सांगितलं. आज आमच्याकडे पौर्णिमा आहे, बायका नवऱ्याच्या आयुष्यासाठी उपास धरतात, झाडाची पूजा करतात, सात जन्म तोच मिळावा म्हणून मागतात. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, जर्मनमध्ये 'जा, जा', म्हणजे 'हो, हो', करत मान हलवली, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे बघत विचारलं की आणि नवरे त्या दिवशी काय करतात. माई म्हणाल्या, "बघताय ना. भरपेट खातात." डॉक्टर इतके हसले की हेर फोग्टनाही हसणं भाग पडलं. आचाऱ्याने माईंचा हातच धरला. तो सुटला होता.

डॉक्टर गेल्यावर माईंनी मोर्चा आमच्याकडे वळवला. शोभाताईंना म्हणाल्या की उठा, फळं घ्या, दिवसभर फिरायचंय आणि चक्कर येऊन पडलात तर तुमच्याच नवऱ्यांना उचलावं लागेल, त्यांच्या कंबरा काय लायकीच्या आहेत ते दिसतंच आहे. बायका मुकाट्याने उठल्या. मग मला म्हणाल्या, "आणि विद्या, ती बाग कधी दाखवणारेस?"

मी म्हटलं, कुठली बाग.

"काल बस जिच्यावरून गेली ती. तू समुद्र समुद्र करून ओरडलीस तेव्हा सगळे डावीकडे बघायला लागले. मी उजवीकडे बघितलं. आयुष्यभर लोकांच्या लाइनी जोडल्यात मी. कोण कुणापासून काय लपवतंय ते आवाजावरून कळतं मला."

माझी हुकमी युक्ती, आणि तिचा असा निकाल लागला. मी सांगून टाकलं की बागेत झाड आहे, पण तो वड नाही, वडाचा चुलतभाऊ आहे. माई म्हणाल्या की चुलत चालेल, देशापासून इतक्या लांब सख्खं कोण भेटतं?

आम्ही बागेत गेलो. नवरेमंडळींना काळ्या किनाऱ्यावर सोडलं, ते खूशच होते. ते झाड समोर आलं तेव्हा शोभाताईंनी पर्समधून कच्च्या सुताची गुंडी काढली. बॉबलिंगेनहून आणली होती, 'असू दे' म्हणून. मी कपाळावर हात मारला. पण तेवढ्यात बागेचा रखवालदार आला. झाडाला हात लावायचा नाही, काही बांधायचं नाही, कुंकू तर नाहीच नाही. त्याचंही बरोबर होतं, अशा जुन्या झाडांना जपावंच लागतं. बायका हिरमुसल्या. झाडाभोवती फिरायला पायवाट होती, पण सूत गुंडाळल्याशिवाय फेऱ्या कसल्या?

माई पुढे झाल्या. त्यांनी शोभाताईंच्या हातून गुंडी घेतली आणि पायवाटेच्या कडेला उभ्या राहिल्या. "टोक धर आणि चाल. गुंडी माझ्याकडे राहील. सुटेल तसं सोडते, फेऱ्या झाल्या की परत गुंडाळून घेते. याच्या झाडाला बोटही लागायचं नाही."

शोभाताई थबकल्या. मला दिसलं त्यांच्या मनात काय चाललंय ते. वटपौर्णिमेचं सूत आणि माईंच्या हातात? त्यांच्या आईने, सासूने, आजेसासूने असं कधी होऊ दिलं नसतं. क्षणभर सगळ्याच त्यांच्याकडे बघत राहिल्या. माईंना तर ते आमच्याही आधी कळलं असणार. त्या नुसती गुंडी धरून थांबल्या. मग शोभाताई वाकल्या, माईंच्या पाया पडल्या आणि सुताचं टोक घेऊन चालू लागल्या. त्यांच्यामागे बाकीच्या. माई बोटांतून दोरा सोडत होत्या, पारंबीत अडकला की 'हळू गं' म्हणत होत्या, आणि रखवालदार बाजूला उभा राहून बघत होता. पहिल्या फेरीनंतर त्याने टोपी काढून हातात घेतली.

फेऱ्या झाल्या, सूत परत गुंडाळलं गेलं, सगळ्याजणी झाडासमोरच्या बाकांवर टेकल्या. आणि मुग्धाला रडू फुटलं. सकाळपासून अडवून धरलेलं. ती म्हणाली, "आई, सॉरी. तुला त्रास होऊ नये म्हणून सगळ्यांना मीच गप्प केलं होतं."

"ते कळलं गं मला," माई म्हणाल्या. "त्रास दिवसाचा होत नाही. वर्ष झालं, माझ्यासमोर कुणी त्यांचं नाव घेत नाही. नाशकात नाही, तुझ्या घरात नाही. मी खोलीत आले की बोलणं थांबतं. चाळीस वर्षं ज्या माणसाशी भांडले, त्याचं नावच घरातून पुसलंत. काय तर म्हणे आईला जपायचंय. मग मला वाटायला लागलं, त्यांचं झालं, तसं माझंही झालं."

मुग्धाने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. माई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.  इतकी वर्षं लोकांच्या माना इकडून तिकडे वळवल्या, पण असल्या वेळी कुठे बोट दाखवायचं ते मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

अशा वेळी शोभाताईंसारख्या बायका कामाला येतात. त्यांनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि जाहीर केलं की पूजा झाली, आता नावं घ्यायची. उखाण्यांना सुरुवात झाली. सुरुवातीला बायका लाजल्या, मग एकीपेक्षा एक पुढे. मीनाताईंनी श्रीखंडाच्या वाटीतला जुनाच उखाणा ठोकून दिला. एकीने फुटबॉल घातला आणि यमक जुळेना म्हणून नवऱ्याला गोलात ढकललं. मुग्धालाही सोडलं नाही. तिने नाक ओढत, "झाडाच्या पारंब्या, निळं आभाळ छान, श्टेफानच्या राज्यात मराठीला मान," असं काहीतरी जुळवलं आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. श्टेफानच्या राज्यात मराठीला कितपत मान आहे ते सगळ्यांना माहीत होतं. माझी पाळी आली तेव्हा मी काय म्हटलं ते सांगणार नाही.

एकेक करत सगळ्यांचं झालं.  आणि रांगेत शेवटी माई बसल्या होत्या. सगळ्या झाडाकडे बघू लागल्या, कुणी पर्स उघडली, कुणी पाण्याची बाटली शोधली. मीही तोंड उघडलं, 'चला, बस आलीच असेल' म्हणायला. जुनी सवय. पण शोभाताईंनी माझा दंड धरून मला गप्प केलं.  "माई," त्या म्हणाल्या, "तुम्हीही घ्या ना नाव."

 माईंनी आमच्याकडे बघितलं नाही. त्या वर, पारंब्यांच्या मधून दिसणाऱ्या आभाळाकडे बघत जरा हसल्या, पदर डोक्यावरून घेतला, नव्या नवरीने घ्यावा तसा, आणि ट्रंक कॉल लावताना जशा बोलत असतील तशा, लांब कुठे तरी पोचेल इतक्या मोठ्या आवाजात म्हणाल्या,

"काळ्या वाळूच्या बेटावर केळीची बनं दाट,
वसंतराव, घाई नाही, निवांत बघा वाट."